वाढत्या अंगाची स्की नको! किशोरवयीन मुलांसाठी एकच ऑल-माउंटन जोडी कशी निवडावी

गणवेश, रेनकोट, शाळेचे बूट हे सगळं आपण वाढत्या अंगाचं घेतो. त्यात काही बिघडत नाही. बाही दुमडता येते, बुटात कापूस कोंबता येतो. स्की दुमडता येत नाही. दहा सेंटिमीटर जास्त लांब स्की घेऊन उतारावर गेलेलं पोर वळायला उशीर करतं, मागे झुकून बसतं आणि दोन दिवसांत त्या चुकीच्या सवयी अंगात मुरतात. मग घरी म्हणतात, ‘याला जमतच नाही.’

दुसरी चूक क्रमाची. बहुतेक घरांत आधी स्कीचा रंग आणि ब्रँड ठरतो, मग लांबी, मग बाइंडिंग (बूट स्कीला अडकवणारा भाग) आणि शेवटी उरलेल्या पैशात बूट. बरोबर क्रम जवळपास उलटा आहे: आधी बूट, मग कुठल्या बर्फावर जायचं, मग रुंदी, मग लांबी, मग बाइंडिंग. रंग सगळ्यात शेवटी, आणि तो मुलांनाच ठरवू द्या.

हा लेख १२ ते १७ वयाच्या अशा मुलामुलींसाठी आहे ज्यांनी किमान एक कोर्स केला आहे, स्वतः थांबता-वळता येतं आणि आता सगळीकडे चालेल अशी एकच जोडी हवी आहे.

## टप्पा १: घ्यायचीच आहे का?

वर्षातले स्कीचे दिवस मोजा. प्रवासाचे आणि फोटोंचे नव्हे, उतारावरचे. मुंबईहून गेलेल्या आठवड्याच्या सहलीत हवामान आणि थकवा वगळता पाच दिवस हाती लागतात.

वर्षाला दहापेक्षा कमी दिवस होत असतील तर स्की घेऊ नका. फक्त चांगले बूट घ्या आणि स्की भाड्याने. गुलमर्गला भाड्याच्या दुकानांत पावडरसाठीच्या, म्हणजे ताज्या भुसभुशीत बर्फासाठीच्या, रुंद जोड्याही मिळतात. बूट स्वतःचे असले की भाड्याच्या स्कीवरचा निम्मा त्रास संपतो. दहा ते पंधरा दिवस होत असतील आणि उंची झपाट्याने वाढत असेल, तरी एक वर्ष थांबणं शहाणपणाचं. पंधराच्या पुढे, किंवा घरात मागे एक धाकटं भावंड रांगेत असेल, तर स्वतःची जोडी घेण्यात अर्थ आहे.

## टप्पा २: वहीत सहा गोष्टी लिहा

दुकानदाराला ‘मुलगा नववीत आहे’ सांगून काही उपयोग नाही. हे आकडे लागतात:

१. वजन, किलोत, आजचं. शाळेच्या फिटनेस कार्डावरचं जूनमधलं नको.
२. उंची, अनवाणी, भिंतीला टेकून.
३. मागच्या सहा महिन्यांत उंची किती वाढली. दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या खुणा असतील तर उत्तम.
४. पावलांची लांबी, सेंटिमीटरमध्ये, दोन्ही पायांची.
५. पावलाची सर्वांत रुंद जागी रुंदी, मिलिमीटरमध्ये.
६. कौशल्य, खरं खरं. अजून पुढची टोकं जवळ आणून ‘व्ही’ करूनच थांबतो, की दोन्ही स्की समांतर ठेवून वळतो? समांतर फक्त सोप्या उतारावर, की चढ्या आणि खडबडीत उतारावरही?

पाऊल संध्याकाळी मोजा, दिवसभराने ते थोडं सुजलेलं असतं. कागद जमिनीवर ठेवून टाच भिंतीला चिकटवा, पूर्ण वजन त्याच पायावर द्या आणि सर्वांत लांब बोटापुढे खूण करा. अंगठाच सर्वांत लांब असतो असं नाही.

तपासा: सहाव्या उत्तरात मुलाचं मत आणि प्रशिक्षकाचं मत वेगळं असेल तर प्रशिक्षकाचं धरा. बाइंडिंग किती जोरावर सुटेल हा आकडा ठरवताना हे उत्तरही धरतात, त्यामुळे इथली फुशारकी गुडघ्यावर निघते.

## टप्पा ३: आधी बूट

स्कीला हुकूम जातो तो बुटातून. बूट सैल असेल तर महागातली महाग स्कीसुद्धा पायाचं ऐकत नाही.

स्की बुटाचा आकार ‘मोंडो’ पद्धतीत असतो, म्हणजे पावलाची लांबी सेंटिमीटरमध्ये. पाऊल २४.५ असेल तर बूट २४.५. शाळेच्या बुटाचा नंबर इथे विसरा. बहुतेक कंपन्यांत पूर्ण आणि अर्ध्या आकाराचं बाहेरचं कवच एकच असतं, फरक आतल्या अस्तराचा किंवा पायपट्टीचा. म्हणून ‘अर्धा नंबर मोठा’ मागितला तर अनेकदा तोच बूट परत मिळतो, आणि तोही सैल अस्तरासह.

कवच असं तपासा: आतलं अस्तर बाहेर काढा. रिकाम्या कवचात पाय घालून बोटं पुढे टेकवा. आता टाचेच्या मागे किती जागा उरते ते बघा. दीड ते दोन सेंटिमीटर योग्य. वाढत्या वयासाठी अडीचपर्यंत चालवून घेता येईल. तीन सेंटिमीटर उरले तर तो बूट पुढच्या वर्षाचा आहे, या वर्षाचा नाही.

मग अस्तर परत घालून, गुडघ्याखालपर्यंत येणारा एकच पातळ लोकरीचा किंवा सिंथेटिक मोजा चढवा. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे हलकी टेकली पाहिजेत, आणि गुडघे वाकवून नडगी पुढच्या जिभेवर दाबली की बोटं मागे सरकून मोकळी झाली पाहिजेत. टाच वर उचलली जाता कामा नये. वीस मिनिटं तसंच उभं राहू द्या. दुखतंय की नुसतं घट्ट आहे, हे पाच मिनिटांत कळत नाही.

सावधान: दोन मोजे घालून सैल बूट ‘फिट’ करणं ही आपल्याकडची सर्वांत जुनी युक्ती. मोजे एकमेकांवर घसरतात, फोड येतात, रक्तप्रवाह दाबला जाऊन पाय उलट जास्त गारठतात. सुती मोजा तर नकोच, घाम धरून ठेवतो.

रुंदीचा आकडा ‘लास्ट’ म्हणून लिहिलेला असतो: ९८ मि.मी. अरुंद, १०० मध्यम, १०२च्या पुढे रुंद. चपला-फ्लोटर्समध्ये मोकळी वाढलेली पावलं बरेचदा पुढून पसरट असतात. अशा वेळी लांबी वाढवू नका, रुंद लास्टचा बूट शोधा.

कडकपणा, म्हणजे फ्लेक्स: ४० ते ५० किलो वजनाला साधारण ६० ते ७०, आणि ५० ते ६० किलोला ७० ते ९०. हा आकडा सगळ्या कंपन्यांत सारखा नसतो, त्यामुळे कागदावर विसंबू नका. बकल लावून गुडघा पुढे दाबल्यावर घोटा वाकलाच नाही तर बूट फार कडक. दोन गोष्टी टिपून ठेवा: टाचेच्या बाजूला कोरलेली सोलची लांबी मिलिमीटरमध्ये, उदाहरणार्थ २९५, आणि सोलचा प्रकार. त्यांची गरज टप्पा ७ मध्ये पडेल.

मुंबईत असे बूट चढवून बघायला दुकान मिळणं कठीण. म्हणून बूट ऑनलाइन मागवण्यापेक्षा सहलीच्या पहिल्या दिवशी तिथेच बघा, किंवा परदेशी सहलीत मुलाला घेऊन दुकानात जा. मामाने न्यू जर्सीहून अंदाजाने आणलेले बूट ही भेट म्हणून गोड, वापरायला नाही.

## टप्पा ४: कुठल्या बर्फावर?

‘ऑल-माउंटन’ या शब्दाने फसायला होतं. या नावाखाली मध्यावर ७५ मि.मी. रुंदीची स्कीही विकली जाते आणि १०० मि.मी.चीही. दोघींचे स्वभाव वेगळे. कॅटलॉगमध्ये तीन आकडे असतात, जसे १२६-८६-११४: टोक, मध्य, शेपूट. आपल्याला मधला बघायचा.

अरुंद स्की घट्ट बर्फावर पटकन एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जाते. रुंद स्की ताज्या भुसभुशीत बर्फावर तरंगते, पण घट्ट उतारावर ती कडेवर उभी करायला जास्त जोर लागतो. पंचेचाळीस किलोच्या मुलीकडे तो जोर नसतो, आणि भार जातो गुडघ्यावर.

आता ठिकाणं बघा. औलीचा मुख्य उतार दाबून तयार केलेला असतो, आणि बर्फ कमी पडलेल्या वर्षी सकाळी तो काचेसारखा कडक. मनालीजवळच्या सोलंगला उतार छोटा, गर्दी जास्त, दुपारनंतर बर्फ ओला आणि जड. गुलमर्गमध्ये दोन जगं आहेत: खालची शिकाऊ मैदानं आणि गोंडोलाच्या (केबल कारच्या) पहिल्या टप्प्यावरचं कोंगडोरी एकीकडे, आणि दुसऱ्या टप्प्यावरचं अफरवट दुसरीकडे. अफरवटवरून उतरताना दाबून सपाट केलेली वाट जवळपास नसतेच, सगळा मामला खोल, नैसर्गिक बर्फाचा. जॉर्जियातलं गुदौरी किंवा अल्माटीजवळचं शिम्बुलाक इथे सहल ठरत असेल तर बहुतेक दिवस तयार केलेल्या उतारांवरच जातील.

यावरून मधली रुंदी अशी धरा:

- वजन ४५ किलोच्या आत: ७५ ते ८४ मि.मी.
- ४५ ते ६० किलो, बहुतेक तयार उतार, कधीमधी ताजा बर्फ: ८२ ते ८८.
- ५० किलोच्या वर, समांतर वळणं पक्की, निम्मे दिवस अफरवटसारख्या जागी: ९० ते ९६.

शंका असेल तर ८४ ते ८८. सगळीकडे चालणारी एकच जोडी याच पट्ट्यात सापडते. वर्षातून दोन दिवस गुडघाभर पावडर मिळाली तर त्या दोन दिवसांपुरती रुंद जोडी भाड्याने घ्या. दोन दिवसांसाठी उरलेले तेरा दिवस खराब करण्यात काय हशील?

सावधान: रुंद स्की हिमस्खलनापासून वाचवत नाही. तयार उताराबाहेर जायचं तर अनुभवी गाइड, प्रत्येकाकडे बीकन (बर्फाखाली अडकलेल्याचा माग देणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं, आणि त्या दिवसाचा हिमस्खलनाचा इशारा वाचलेला हवा. यातलं एक जरी नसलं तरी मुलाला बाहेर पाठवू नका.

## टप्पा ५: लांबी

इथेच सर्वांत जास्त घोटाळा होतो. ‘हनुवटीपर्यंत’, ‘नाकापर्यंत’ हे मोजमाप भाड्याच्या दुकानात रांग लागलेली असताना ठीक. खरं तर स्कीला तुमची उंची कळत नाही, तिला वजन कळतं. उंची फक्त सुरुवातीचा अंदाज देते.

पायरी १: कौशल्यावरून आधार-लांबी काढा. अजून ‘व्ही’वर अवलंबून असेल तर उंचीतून १२ ते १५ सेंटिमीटर वजा. सोप्या उतारावर समांतर वळत असेल तर ५ ते १० वजा. चढ्या उतारावर आणि खडबडीत बर्फातही आत्मविश्वास असेल तर ० ते ५ वजा.

पायरी २: वजन बघा. उंचीच्या मानाने अंग किडकिडीत असेल तर आणखी ३ ते ५ वजा. अंगाने भरलेलं, खेळाडू पोर असेल तर २ ते ३ अधिक.

पायरी ३: स्कीचा आकार बघा. टोक आणि शेपूट दोन्ही आधीपासून वर उचललेली असतील, ज्याला रॉकर म्हणतात, तर सपाट ठेवल्यावर बर्फाला टेकणारी कड कमी असते. अशा स्कीत ३ सेंटिमीटर अधिक चालतात.

पायरी ४: वाढीसाठी जास्तीत जास्त ५ सेंटिमीटर. तेही कौशल्य मधल्या किंवा वरच्या पायरीवर असेल तरच. ‘व्ही’ करणाऱ्याला वाढीव लांबी शून्य.

उदाहरण घ्या. चौदा वर्षांची मुलगी, उंची १५८, वजन ४४, सोप्या उतारावर समांतर. १५८ वजा ८ म्हणजे १५०. अंगाने बारीक, म्हणून आणखी ३ वजा: १४७. टोकाला थोडा रॉकर, थोडी वाढ शिल्लक, म्हणून १४८ ते १५२ मधलं जे माप मिळेल ते. दुसरं: सोळा वर्षांचा मुलगा, १७२, वजन ६२, सगळीकडे समांतर, वाढ जवळपास थांबलेली. १६७ ते १७०. दोघांच्या उंचीत फरक १४ सेंटिमीटरचा, पण स्कीत जवळपास १८ ते २०चा. नुसत्या उंचीवर निवडलं तर हा फरक दिसतच नाही.

वयात येताना उंची वर्षाला आठ-दहा सेंटिमीटरनेही वाढते, हे खरं. पण त्या वाढीबरोबर वजन लगेच येत नाही, आणि हात-पाय लांबल्यावर तोल काही महिने बिघडलेला असतो. नेमकी तेव्हाच लांब स्की दिली तर दोन्हीकडून मार.

तपासा: शक्य असेल तर सहलीत सलग दोन दिवस ५ सेंटिमीटर फरकाच्या दोन जोड्या भाड्याने द्या. बूट तेच, उतार तोच, वेळही सकाळची तीच. संध्याकाळी ‘कुठली आवडली’ विचारू नका, ‘शेवटच्या फेरीत कुठल्या जोडीवर पाय जास्त दमले होते’ ते विचारा.

## टप्पा ६: कडकपणा आणि वळणाचा घेर

कँबर म्हणजे आपली कंबर नव्हे. स्की जमिनीवर ठेवल्यावर मधोमध जी कमान उचललेली दिसते ती. पायाखाली कमान आणि टोकाला रॉकर, ही रचना एकाच जोडीसाठी सर्वांत निर्धोक: घट्ट बर्फावर कड धरते, मऊ बर्फात टोक बुडत नाही. पूर्ण रॉकरची स्की औलीच्या सकाळच्या बर्फावर साबणासारखी सटकते.

कडकपणा हाताने बघता येतो. शेपूट जमिनीवर टेकवा, एका हाताने टोक धरा, दुसऱ्या हाताने मध्य दाबा. मुलाला स्वतःलाच दाबायला सांगा. त्याच्याच्याने ती वाकत नसेल तर उतारावरही वाकणार नाही. आत टायटॅनल या ॲल्युमिनियम मिश्रधातूचा थर असलेल्या मोठ्यांच्या स्की, उदाहरणार्थ व्होल्क्लची मँट्रा, वेगात भक्कम असतात, पण ५५ किलोच्या आतल्या मुलांना त्या नाचवतात. मुलांनी स्कीला नाचवायचं की स्कीने मुलांना, एवढाच प्रश्न आहे. लाकडी गाभा, धातू नाही किंवा फक्त पायाखाली छोटी पट्टी, हे बघा.

ज्युनियर स्की घ्यायची की मोठ्यांची? साधारण ४५ किलोपर्यंत ज्युनियर, त्यापुढे मोठ्यांची मऊ बाजूची. ‘विमेन्स’ लिहिलेल्या जोड्या वजनाने हलक्या आणि मऊ असतात. पन्नास किलोच्या मुलालाही त्या उत्तम चालतात. पोरगा नाक मुरडेल, तेव्हा वर एखादा स्टिकर लावून द्या.

वळणाचा घेर, म्हणजे रेडियस, १२ ते १६ मीटरमध्ये ठेवा.

## टप्पा ७: बाइंडिंग

स्की चुकली तर मजा जाते. बाइंडिंग चुकलं तर पाय मोडतो. पडल्यावर बूट वेळेवर सुटला पाहिजे आणि चालू वळणात उगाच सुटता कामा नये. हा तोल ‘डिन’ आकड्याने साधला जातो, आणि तो वजन, उंची, वय, सोलची लांबी आणि स्कीइंगचा प्रकार यांच्या तक्त्यावरून काढतात. आंतरराष्ट्रीय मानक आहे आयएसओ ११०८८.

पन्नास किलोच्या आसपासच्या, मध्यम कौशल्याच्या मुलांचा आकडा साधारण साडेतीन ते पाचच्या दरम्यान येतो. आता दुकानात बाइंडिंगवर लिहिलेला पल्ला बघा: ३ ते १०, ४ ते १३ वगैरे. ‘मोठा आकडा म्हणजे मजबूत’ असं समजून ४ ते १३चं घेतलं, आणि मुलाचा आकडा निघाला साडेतीन, तर ते बाइंडिंग त्याला लागूच पडत नाही. आकडा पल्ल्याच्या अगदी टोकाला नको, थोडा आत बसायला हवा.

क्रमाने हे तपासा:

१. सोलचा प्रकार. लहान मुलांच्या बुटाला ‘सी’ प्रकारचा सोल, मोठ्यांच्या पारंपरिक बुटाला ‘ए’ (दोन्ही आयएसओ ५३५५), आणि चालायला सोपा, वक्र रबरी असेल तर ग्रिपवॉक (आयएसओ २३२२३). बाइंडिंगवर कुठला प्रकार चालतो ते लिहिलेलं असतं. न जुळणारी जोडगोळी बसलेली दिसते, ‘टक’ असा आवाजही येतो, पण सुटायच्या वेळी सुटत नाही.

२. ब्रेकची (बूट सुटल्यावर स्की थांबवणाऱ्या काट्यांची) रुंदी. स्कीच्या मधल्या रुंदीपेक्षा जास्त हवी, पण १५ मि.मी.च्या आत. ८६च्या स्कीला ९० किंवा ९५चा ब्रेक. ११०चा घेतला तर तो बाहेर लोंबतो आणि वळणात बर्फात रुततो.

३. रुळावर सरकणारं की स्क्रूने पक्कं? वाढत्या मुलांसाठी आमचं मत ठाम आहे: रुळावर सरकणारं घ्या. पुढच्या वर्षी सोल २९५चा ३०५ झाला तर तेच बाइंडिंग सरकवून जुळवता येतं. पक्क्या बाइंडिंगमध्ये थोडीच सरकवायची सोय असते. ती संपली की स्कीत नवी भोकं. थोडं वजन वाढतं, तेवढं सोसा.

४. पुढचा दाब. बूट अडकवल्यावर टाचेच्या भागावरची दर्शक खूण ठरलेल्या खिडकीत यायला हवी. नुसता डिन आकडा लावून हे विसरणं ही सर्रास होणारी चूक. दाब चुकला की डिनच्या आकड्याला अर्थ उरत नाही.

सावधान: बाइंडिंग बसवण्याचं काम ओळखीच्या सुताराला देऊ नका, त्याचा हात कितीही साफ असो. भोकाची जागा मिलिमीटरवर ठरते, भोकाचा व्यास आणि खोली स्कीवरच छापलेली असते, जसं ४.१ × ९ मि.मी., आणि भोक जास्त खोल गेलं तर ड्रिल बेसमधून (स्कीच्या तळातून) बाहेर येतं. डिनचा आकडाही प्रशिक्षित तंत्रज्ञाकडूनच लावून घ्या. घरी बघायला म्हणून नागदेवी स्ट्रीटवरून स्क्रूड्रायव्हर आणणार असाल तर पीझी-३ मागा. साध्या फुलीच्या स्क्रूड्रायव्हरने स्क्रूचं डोकं खराब होतं.

## टप्पा ८: जुनी जोडी घेताना

मुलांची स्की सेकंड-हँड घेणं उलट शहाणपणाचं, दोन वर्षांत बदलायचीच असते. पाहायच्या गोष्टी:

- दोन्ही स्की बेसला बेस लावून धरा. मधे फट दिसली पाहिजे आणि हाताने दाबल्यावर ती मिटली पाहिजे. फट नसेल आणि ती मुळात रॉकर जातीची नसेल, तर स्की मेलेली.
- एका टोकाकडून डोळा लावून सरळ बघा. पीळ दिसला तर परत ठेवा.
- बेसवरचा ओरखडा नख अडकण्याइतका असेल तर चालेल, आतलं लाकूड किंवा जाळी दिसत असेल तर नाही.
- कडेची स्टीलची पट्टी सलग हवी. वरवरचा गंज पुसता येतो, तडा भरत नाही.
- बाइंडिंगखाली जुनी बुजवलेली भोकं किती? एक जुनी खेप ठीक. तिसऱ्यांदा भोकं पाडायची वेळ असेल तर सोडा.
- बाइंडिंग दहा वर्षांपेक्षा जुनं असेल तर किंमत फक्त स्कीची द्या.

## टप्पा ९: विमान आणि फ्लॅट

वजनाचा हिशेब आधी करा. बाइंडिंगसह १५०-१६५ सेंटिमीटरची जोडी ५ ते ६ किलो, बूट ३ ते ४, पिशवी एक-दीड. देशांतर्गत साध्या तिकिटावर बहुतेक वेळा १५ किलो चेक-इन मिळतं, म्हणजे कपड्यांना चार-पाच किलो उरतात. बूट पाठीवरच्या पिशवीत, केबिनमध्ये न्या. विमानात सामान हरवलं तर स्की भाड्याने मिळेल, पायाचे बूट नाही. काठ्या मात्र केबिनमध्ये चालत नाहीत. तिकीट काढतानाच खेळाच्या सामानाचा नियम वाचा. परदेशातून आणत असाल तर पावती जपून ठेवा आणि ड्यूटी-फ्री मर्यादा निघण्याआधीच कस्टम्सच्या संकेतस्थळावर बघा.

विमानतळावर रिक्षाने जायचा विचार सोडा, दीड मीटरची पिशवी आडवी बसत नाही. मागची सीट दुमडणारी गाडी बोलवा.

आता खरा शत्रू: मुंबईचा पावसाळा. बर्फाने जितकी स्की खराब होत नाही तितकी ती जुलै-ऑगस्टच्या दमटपणात होते. परत आल्याबरोबर, बॅगा उघडायच्या आधी:

१. स्की कोरड्या कपड्याने पुसून एक दिवस पंख्याखाली उभी ठेवा.
२. कडांवरचा गंज बारीक रबरी गंजखडूने काढा.
३. बेसवर आणि कडांवर वॅक्सचा जाड थर द्या आणि खरवडू नका, तो पुढच्या सीझनला खरवडायचा. यासाठी वेगळी, वाफेची भोकं नसलेली इस्त्री ठेवा. वॅक्समधून धूर आला तर इस्त्री फार तापली आहे. मेणबत्तीचं मेण चालत नाही.
४. पिशवीची चेन उघडी ठेवा, आत सिलिका जेलच्या दोन-चार पुड्या. ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीला टेकवू नका. स्लॅबखालचा, मे महिन्यात तापणारा माळाही नको. कपाटामागची आतली भिंत उत्तम.
५. बुटांचं अस्तर काढून पूर्ण वाळवा, वर्तमानपत्राचे बोळे भरा, मग परत घालून बकल अगदी सैल लावा. ओलं अस्तर कवचात तसंच राहिलं तर गणपतीपर्यंत बुरशीची पांढरी लव धरलेली सापडेल.

तपासा: दिवाळीच्या सुट्टीत वही काढा आणि टप्पा २ मधले सहाही आकडे पुन्हा लिहा. वजन पाच किलोने वाढलं असेल, बूट बदलला असेल किंवा ‘व्ही’ सुटून समांतर वळणं आली असतील, तर मागच्या वर्षीचा डिन आकडा बाद. उतारावर जायच्या आधी, पहिल्या सकाळी, तो नव्याने लावून घ्या.